बुद्ध कोणत्या कोपऱ्यात ठेवायचा?

गेल्या महिन्यात रात्रपाळी करून घरी आलो तर भिंत रिकामी. बाबासाहेबांचा फोटो जिथं लहानपणापासून बघत आलो तिथं नुसता खिळा, आणि फोटोच्या मापाचा जुन्या रंगाचा चौकोन. मायला विचारलं, "साहेब कुठं गेले?" पदराला हात पुसत ती म्हणाली, "दाजी आले होते. त्यांनी काढला. ती भिंत दक्षिणेची हाय म्हणं. तिथं मेलेल्या माणसाचे फोटू लावत्यात."

फोटो पेटीवर उभा करून ठेवला होता. काच फुटू नये म्हणून तोंड भिंतीकडं.

दाजी वाईट माणूस नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं असतो, वर्गणी सगळ्यात आधी देतो. पण दोन वर्षांत त्याचं सगळं उलटं फिरलं. अतिक्रमणात टपरी उठली, गाडीचे हप्ते थकले, अक्काचं दुखणं निघालं. कोणीतरी सांगितलं, घर दाखवून घ्या. वास्तूवाला आला, हातात होकायंत्र घेऊन दीड खोलीत फिरला, आणि म्हणाला, तुमची बुद्धाची मूर्ती चुकीच्या भिंतीला आहे, भिंतीच्या मागं संडास आहे, म्हणून बरकत नाही. दाजीनं २१०० रुपये दिले. मूर्ती ईशान्येला नेली, दारासमोर हसणारा जाडा बुद्ध बसवला, आणि एस.टी. स्टँडवरून घेतलेली पुस्तिका हातात धरून सासरवाडीचं घर सुधारायला आला.

ती पुस्तिका मी वाचली. मग स्टँडवर जाऊन तसल्या आणखी तीन आणल्या. आपल्या अंकात कवितासंग्रहांची परीक्षणं येतात. या वेळी मी या पुस्तिकांचं परीक्षण करणार आहे. आपल्या सगळ्यांच्या कविता मिळून खपत नाहीत एवढी ही पुस्तकं खपतात, आणि आपल्या वस्तीत खपतात. मग त्यांना समीक्षा का नको?

पहिला प्रश्न, कुठल्याही पुस्तकाला विचारावा तोच. हे पुस्तक कोणासाठी लिहिलंय? याचा वाचक कोण?

पुस्तिका म्हणते, देवघर ईशान्येला असावे. स्वयंपाकघर आग्नेयेला असावे. मालकाची झोपायची खोली नैर्ऋत्येला असावी. पाण्याची टाकी, विहीर, बोअर ईशान्येला. देवघर जिन्याखाली नसावे, झोपायच्या खोलीत नसावे, संडासाच्या भिंतीला लागून नसावे, स्वयंपाकाच्या ओट्याखाली नसावे. आता मोजा. देवघराला एक, स्वयंपाकाला एक, मालकाला एक, पोरांना एक, पाहुण्यांना एक, वर जिना. हा वाचक पाच-सहा खोल्यांचा धनी आहे. आमचं घर १० बाय १२. वर पत्रा. त्याच्यात माय चूल मांडते, मी झोपतो, धाकटा अभ्यास करतो, पाहुणा आला तर तोही तिथंच. आमच्या घरात आठ दिशा मावत नाहीत, दोन मावतात, आत आणि बाहेर. पुस्तिकेत आम्ही नाहीच. आणि तरी आमच्याच माणसानं ती १० रुपयांना विकत घेतली. जे घर आपलं नाही त्याचे नियम आपण पाठ करतोय.

दुसरी गोष्ट भाषेची. चारही पुस्तिका एकाच क्रियापदावर उभ्या आहेत, 'असावे' आणि 'नसावे'. का असावे? उत्तर नाही. कुठं कुठं 'शास्त्रात सांगितले आहे', कुठं 'चुंबकीय लहरी', कुठं 'सकारात्मक ऊर्जा'. लहर कशानं मोजली, किती भरली, ते नाही. आम्ही गिरणीत ज्याला ऊर्जा म्हणतो तिचं मीटर असतं आणि महिन्याला बिल येतं. ही ऊर्जा अशी की तिचं बिल फक्त सल्ल्याच्या वेळी येतं. आणि प्रत्येक 'नसावे'च्या मागं एक धमकी: आजारपण, कर्ज, संततीला त्रास, अकाली मृत्यू. गरिबाच्या घरात यातलं एक तरी असतंच. म्हणून पुस्तिका कधी खोटी ठरत नाही. टपरी अतिक्रमणात उठली, हे कारण दाजीला दिसतं पण त्याच्याशी भांडता येत नाही. मूर्ती मात्र हलवता येते.

तिसरी गोष्ट, ज्याच्यामुळं मी हे लिहायला बसलो. चारही पुस्तिकांत फोटोंना दोनच जागा आहेत. देवांचे फोटो ईशान्येला. मेलेल्या माणसांचे फोटो दक्षिणेला, कारण ती यमाची दिशा. आणि मेलेल्यांचे फोटो देवघरात लावू नयेत, हे ठळक अक्षरात. आता बाबासाहेबांचा फोटो कुठं लावायचा? मी दाजीला विचारलं, "दाजी, साहेब देव आहेत का मेलेले आहेत?" तो गप्प बसला. देव म्हणावं तर आयुष्यभर ज्यानं व्यक्तिपूजेविरुद्ध बजावलं त्याला शेंदूर फासल्यासारखं. मेलेले म्हणावं तर जीभ रेटत नाही. पुस्तिकेत तिसरा रकानाच नाही. ज्यानं शिकवलं, ज्याच्याशी अजून वाद घालता येतो, ज्याचं पुस्तक काढून आज रात्री वाचता येतं, अशा माणसाला त्या घरात जागाच ठेवलेली नाही. आपण त्या घरात शिरलो की आपल्या माणसाला देव तरी करावं लागतं नाहीतर मुडदा तरी.

हे काही स्टँडवरच्या पुस्तिकावाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही. त्यांचं मूळ शोधायला मी जिल्ह्याच्या ग्रंथालयात गेलो आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेचं भाषांतर काढलं. सहाव्या शतकातला हा ग्रंथ. त्यात वास्तुविद्येचा अख्खा अध्याय आहे. दोन दिवस सुट्टी टाकून वाचला. त्यात घराची रुंदी जातीवर आहे. ब्राह्मणाला ३२ हात, पुढं प्रत्येक वर्णाला ४-४ हात कमी, असं उतरत १६ पर्यंत, आणि अगदी हीन लोकांना त्याहून कमी. जमिनीचा रंगही वाटून दिलाय. पांढरी ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. जमिनीचा उतारसुद्धा. उत्तरेकडचा ब्राह्मणाला, मग पूर्व, दक्षिण, पश्चिम असा क्रमानं खाली. पुढं असंही आहे की गावाच्या, शहराच्या कोपऱ्यांत राहणाऱ्याला दोष लागतात, पण अंत्यज मात्र तिथंच भरभराटतात.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमचा जालना जिल्हा म्हणजे काळ्या मातीचा. कापूस, सोयाबीन, मोसंबी, सगळं त्याच मातीवर. या हिशोबानं इथल्या बागाईतदारांचे वाडे, कारखानदारांचे बंगले सगळे शूद्राच्या जमिनीवर उभे आहेत. पण पुस्तिकावाले हे पान उघडत नाहीत. मातीचा रंग सोडून दिला, जातीचे हात सोडून दिले, दिशा तेवढ्या ठेवल्या. कारण जातीचं नाव काढलं तर आज गिऱ्हाईक तुटेल. दिशांचं नाव काढलं तर आम्हीसुद्धा गिऱ्हाईक होतो.

आणि तो वास्तुपुरुष. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र असतं, चौकोनात दुमडून बसवलेला माणूस. गोष्ट अशी की एक प्रचंड प्राणी होता, त्याला देवांनी धरून पालथा पाडला, आणि ज्या देवानं जो अवयव दाबला तो तिथंच बसून राहिला. डोकं ईशान्येला, पाय नैर्ऋत्येला. त्याच्या अंगावर घर. मी ही गोष्ट मायला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मंग त्या खालच्याचं काय?" चारही पुस्तिकांत हा प्रश्न कुठं नाही. सगळी चर्चा वरच्यांनी कुठं बसावं याची. पालथा कोण आहे, तो किती वर्षं पालथा आहे, त्याला उठायचंय का, हे माझ्या अडाणी मायनं पहिल्या वाक्यात विचारलं. मित्रांनो, मी याला समीक्षा म्हणतो.

आता फेंगशुई. दाजीच्या पुस्तिकेत मागची वीस पानं फेंगशुईची आहेत. चिनी भाषेत फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. मुळात ही विद्या मोठ्या प्रमाणावर थडग्यांची. मेलेल्या पूर्वजाला कुठं पुरलं म्हणजे वंशाचं भलं होईल, याचा विचार. तिचा जुना ग्रंथ, जो क्वो फू याच्या नावावर सांगतात, तो दफनाचाच आहे. तिथून ती जिवंतांच्या घरात आली, आणि आपल्याकडं तर दुकानाच्या काउंटरवर आली: कासव, तीन पायांचा बेडूक, नाणी, घंटा आणि लाफिंग बुद्धा.

वारा आणि पाणी म्हटल्यावर मला माझं गाव आठवतं. भोकरदन तालुक्यातलं. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. म्हातारी माणसं सांगत, वारा पश्चिमेचा, आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात शिरू नये म्हणून आपल्याला पूर्वेला टाकलं. आणि पाणी? नदीवर गावाचा घाट वर, आमचा खाली. त्यांनी धुतलेलं पाणी आमच्याकडं यायचं, आमचं त्यांच्याकडं जाऊ नये. चीनला जायची गरजच नव्हती. आमच्या गावाचं फेंगशुई वारा-पाण्याचंच होतं, आणि एकदम शास्त्रशुद्ध. कोणाच्या अंगावरचा वारा कोणाला लागावा आणि कोणाचं पाणी कोणी प्यावं, हे ठरवून अख्खं गाव बांधलेलं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे झालं ते याच्याविरुद्ध झालं. वास्तुशास्त्राला कृतीनं दिलेलं ते सगळ्यात मोठं उत्तर. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. त्या घरांची दारं दक्षिणेला होती म्हणून ती जळाली नाहीत.

दारासमोरचा तो हसणारा बुद्ध तर बुद्धच नाही. चीनमध्ये दहाव्या शतकाच्या सुमारास बुदाई नावाचा एक फिरस्ता भिक्षू होऊन गेला असं सांगतात. बुदाई म्हणजे कापडी झोळी. खांद्यावर झोळी, पोट सुटलेलं, पोरांत रमणारा. लोक त्याला पुढं येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचा अवतार मानू लागले. जपानात तो होतेई झाला, सात भाग्यदेवतांपैकी एक. मला हा माणूस आवडतो. झोळी घेऊन फिरणारा, घर नसलेला, जे मिळेल ते पोरांना वाटणारा. पण त्याच्याच झोळीत आता सोन्याची नाणी दाखवतात आणि त्याला गल्ल्यापाशी बसवतात. ज्याला स्वतःचं दार नव्हतं त्याला लोकांच्या दाराची राखण दिलीय. आणि म्हणे स्वतः विकत घेतला तर फळ नाही, कोणीतरी भेट द्यावा लागतो. म्हणजे दुकानदाराला दोन गिऱ्हाइकं, मी तुला घेतो आणि तू मला घे.

आता गिरणीतली गोष्ट सांगतो. कुठली गिरणी ते सांगत नाही. जालन्यात सळईच्या गिरण्या कमी नाहीत, भंगार वितळवायचं, लालभडक लोखंड रोलातून ओढायचं, सळई करायची. एका गिरणीत मालकानं वास्तूवाला बोलावला. त्यानं नकाशा पसरला. म्हणाला, भट्टी अग्नी आहे, आग्नेयेला पाहिजे, तुमची वायव्येला आहे. ऑफिस इथं नको, तिथं पाहिजे. आणि ईशान्येच्या कोपऱ्यात संडास आहे, हा महादोष. भट्टी हलवायला कोट्यवधी लागतात, महिना-दोन महिने उत्पादन बंद. ती हलली नाही. तिच्यावर उपाय म्हणून तांब्याचा पिरॅमिड टांगला. ऑफिस हललं नाही, फक्त खुर्ची फिरवली. संडास मात्र कामगारांचा होता. तो एका दिवसात पाडला. ईशान्येला छोटं देऊळ झालं, संगमरवरी, नळाच्या पाण्यासकट. नवा संडास चार महिने झाला नाही. दीडशे माणसं रेल्वेलाइनच्या बाजूला जात होती.

दोष सगळीकडंच होता असं शास्त्र म्हणत होतं. पण हललं काय? ज्याचा मालक गरीब आहे ते. मला वाटतं वास्तुशास्त्र कसं चालतं हे समजायला एवढं उदाहरण पुरे आहे. आणि त्याच मालकाच्या टेबलावर लाफिंग बुद्धा होता, तोंड दाराकडं. हात भाजलेला माणूस उचल मागायला आत गेला की त्याला आधी तो हसताना दिसायचा.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी आयुष्य घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. त्या कायद्यातसुद्धा वास्तुशास्त्राचा सल्ला कायद्याच्या बाहेर ठेवलाय. तेव्हा पोलिसाची वाट बघण्यात अर्थ नाही. हे काम आपल्यालाच, घरातल्या घरात करावं लागणार.

दाजी म्हणतो, "अरे, बुद्ध आपलाच हाय. आपण आपल्याच बुद्धाला चांगल्या जागी ठेवतो, त्यात काय वाईट?" या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला पाहिजे. मूर्ती ठेवणं वाईट, असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. माझी माय संध्याकाळी मेणबत्ती लावते, तिला मी अडवत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात वाकलेली बाई दहा मिनिटं शांत बसते, ती तिची हक्काची दहा मिनिटं आहेत. प्रश्न मूर्तीचा नाही. मूर्ती चुकीच्या कोपऱ्यात ठेवली तर कोपते, या समजुतीचा आहे. कोपणारा बुद्ध म्हणजे जुनी मरीआईच, नाव तेवढं बदललं.

आमच्या पणजीनं धर्मांतरानंतर देवांचं गाठोडं बांधलं. टाक होते, खंडोबा होता, आसरा होत्या. गाठोडं डोक्यावर घेऊन गेली आणि पूर्णेच्या डोहात सोडलं. आजी सांगायची, रात्रभर ती झोपली नाही. पोरगं आजारी पडलं तर काय, बैल मेला तर काय. भीती होतीच. तरी गाठोडं सोडलं. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण २२ प्रतिज्ञांचा अर्थ तिनं अंगावर घेतला. तिनं कोनाडा रिकामा केला. आज तिचा पणतजावई होकायंत्र घेऊन त्याच कोनाड्याची दिशा बघतोय. आत बुद्ध असला म्हणून काय झालं, कोनाडा जुनाच आहे.

आणि बुद्धाला तरी दिशेचं काय होतं? आमच्या भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. १९७३ साली तिथं उत्खनन झालं, सातवाहन काळातलं भरभराटीचं शहर निघालं. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या माणसांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. म्हणजे केळणेच्या काठची आपली माणसं तेवढ्या लांब दगड कोरायला पैसे पाठवत होती. आणि त्या काळच्या त्या शिल्पांत बुद्धाची मूर्तीच नाही. झाड आहे, चक्र आहे, पावलं आहेत, रिकामं आसन आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाला चार दिशांना चार तोरणं. कुठूनही या. कुठली दिशा शुभ, कुठली अशुभ? चारही दारं सारखी कोरलेली.

पुढं मूर्ती आली. इथून जवळ अजिंठा आहे. वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा डोंगर, त्यात ३० लेणी. एका टोकाच्या लेण्याचं तोंड एकीकडं, दुसऱ्या टोकाचं भलतीकडं. जसा डोंगर वळला तसा बुद्ध वळला. कोरणाऱ्यांनी दगड बघितला, पाणी बघितलं, उजेड कुठून येतो ते बघितलं. होकायंत्र बघून डोंगर फिरवला नाही. २६ नंबरच्या लेण्यात सुमारे ७ मीटर लांबीचा आडवा झालेला बुद्ध आहे, महापरिनिर्वाणाचा. पाली ग्रंथात आहे की कुशीनाऱ्याला शेवटच्या वेळी दोन सालवृक्षांमध्ये तो उत्तरेला डोकं करून निजला. दाजीची पुस्तिका म्हणते, उत्तरेला डोकं करून झोपू नये, मृत्यू येतो. बुद्ध ८० वर्षांचा होता. त्याला मृत्यू येणारच होता आणि त्यानं तो लपवला नाही. हाच तर धम्म.

पण माझा खरा आधार दुसराच आहे. दीघनिकायात एक सुत्त आहे, सिगालाचं. सिगाल हा राजगृहातल्या एका गृहस्थाचा पोरगा. रोज सकाळी उठून, ओल्या केसांनी, ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडायचा. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली, वर. का? बाप मरताना सांगून गेला म्हणून. बुद्धानं त्याला गाठलं. त्याला हसला नाही, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, दिशांना नमस्कार असा नाही करायचा. आणि दिशांचा अर्थच बदलून टाकला. पूर्व म्हणजे आईबाप. दक्षिण म्हणजे गुरू. पश्चिम म्हणजे बायकोपोरं. उत्तर म्हणजे मित्र. वर श्रमण-ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे कामकरी माणसं. यांच्याशी नीट वागणं म्हणजे दिशांची पूजा. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात गृहस्थांच्या विनयात हा उपदेश घेतलाय.

खालच्या दिशेबद्दल मालकाला पाच गोष्टी सांगितल्यात. ताकद बघून काम द्यावं. अन्न आणि मजुरी द्यावी. आजारात बघावं. चांगलंचुंगलं वाटून खावं. वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे वाचलं तेव्हा भट्टीपुढं उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला काय वाटलं असेल ते सांगता येत नाही. खरं सांगायचं तर त्याच सुत्तात कामगारानं मालकाच्या आधी उठावं, मालकाच्या नंतर झोपावं असंही आहे. ते मला खटकतं आणि मी ते मान्य करत नाही. बुद्धानंच सांगितलंय, मी म्हणतो म्हणून मानू नका. पण दिशेचा प्रश्न त्यानं जिथं नेऊन ठेवला ती जागा बघा. पुस्तिका विचारते, मूर्तीचं तोंड कुठं आहे. बुद्ध विचारतो, तुझं तोंड कुठं आहे, आईबापाकडं आहे का, बायकोकडं आहे का, तुझ्या हाताखालच्या माणसाकडं आहे का. ज्या गिरणीत ईशान्य सुधारली आणि संडास पाडला, तिथं खालची दिशा बिघडली. हा दोष कुठल्याच पिरॅमिडनं जात नाही.

आणि आपल्या कवींनाही दोन शब्द, मी त्यातलाच एक आहे म्हणून. आपल्या अंकांतल्या कविता काढून बघा. पंधरा ओळी जाळपोळ, शिव्या, रक्त, आणि शेवटच्या दोन ओळींत बुद्ध. करुणेचा, शांत, अर्धे मिटलेले डोळे. कशासाठी आला, काय बोलला, काही नाही. नुसता येऊन बसतो. मीही असंच लिहिलंय, पाच-सहा वेळा तरी. ही कवितेची ईशान्य आहे. कविता चुकतेय असं वाटलं की तिथं मूर्ती ठेवायची म्हणजे दोष जातो. दाजीला हसायच्या आधी आपण आपल्या वह्या तपासाव्यात. बुद्ध आला तर त्यानं सिगालाला विचारलं तसं काहीतरी विचारलं पाहिजे. नाहीतर त्याला आणू नये.

बाबासाहेबांनी दादरला घर बांधलं. नाव ठेवलं राजगृह, सिगाल ज्या नगरात दिशांना हात जोडत होता त्याच नगराचं. ते घर बांधताना त्यांच्यापुढं प्रश्न होता पुस्तकं मावतील का. माझ्या माहितीत आपल्या माणसाच्या घराचं यापेक्षा चांगलं वास्तुशास्त्र नाही. घर कोणत्या दिशेला, हे नाही विचारलं. घरात काय मावलं पाहिजे, हे विचारलं.

गेल्या रविवारी दाजी परत आला. मी त्याला सिगालाची गोष्ट सांगितली. दक्षिण म्हणजे गुरूची दिशा, हे सांगितलं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मंग साहेबांचा फोटू दक्षिणेलाच पायजे तर." मी म्हटलं, "नाही दाजी, तसंही नको. उद्या याचीच पुस्तिका छापतील, 'गुरूंचा फोटो दक्षिणेला असावा' म्हणून." तो हसला, पण त्याच्या डोळ्यांतली भीती गेली नव्हती. अक्काचं दुखणं अजून आहे. भीती एका गोष्टीनं जात नाही, हे मला कळतं. म्हणून मी त्याच्याशी वाद वाढवला नाही. सोमवारी अक्काला घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं ठरवलं, मी पाळी बदलून घेतली.

फोटो आम्ही दोघांनी मिळून परत लावला. त्याच भिंतीला, त्याच खिळ्याला. मायनं विचारलं, "तिथंच काहून?" मी वर बोट दाखवलं. घरातला एकुलता एक बल्ब त्या भिंतीवर आहे. धाकटा रात्री त्याच्याच खाली अभ्यासाला बसतो.